इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच एकेटी नको

नवा दवाखाना टाकलायस, म्हणून आधीच सांगते. महिनाभर खोकला, वजन उतरलेलं आणि हातात इग्राचा, म्हणजे टीबीसाठीच्या रक्ततपासणीचा, पॉझिटिव्ह रिपोर्ट, असा पेशंट आला की पेन एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, लिहायला धावतं. थांब. ही तपासणी जंतू शोधत नाही. रक्तातल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही जंतूची प्रथिनं दिली की त्या इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन सोडतात का, एवढंच ती मोजते. बीसीजीमुळे ती फसत नाही, हे खरं. पण जंतू शरीरात झोपलेला आहे की आजार चालू आहे, हे तिला कळत नाही. आपल्याकडे झोपलेला जंतू कितीतरी धडधाकट माणसांत सापडेल.

उलट एचआयव्ही किंवा कुपोषण असेल, तर खरा टीबी असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. मायटोजेनच्या नळीतच, म्हणजे टी-पेशी मुळात प्रतिसाद देतात का हे पाहणाऱ्या नळीतच, प्रतिसाद नसेल, तर रिपोर्ट 'इंडिटरमिनेट', म्हणजे अनिर्णित, येतो. त्याला निगेटिव्ह समजू नकोस. नळ्या नीट हलवल्या नाहीत तरी निकाल बिघडतो, त्यामुळे लॅब पारखून घे.

संशय असेल तर खोल खोकून काढलेला बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीला पाठव, छातीचा एक्स-रे काढ. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का, तेही बेडक्याच्या त्या तपासणीतच कळतं. गाठीचा टीबी वाटला तर सुईने नमुना घ्यायला सांग.

आणि रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. तसा जुना रिपोर्ट कुणी दाखवला, तर त्यावर काहीच ठरवू नकोस.