मोबाईलचा अँटेना आता बाहेर दिसत नाही, मग तो आत एवढ्याशा जागेत बसवतात कसा?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुम्ही ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला आहात, वर्गात क्वार्टर वेव्हचा (अँटेनाची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी) हिशोब शिकवला, त्यानुसार ९०० मेगाहर्ट्झला अँटेना आठ सेंटीमीटरच्या वर यायला हवा, आणि फोन उघडला तर आत तेवढा लांब काही दिसतच नाही, मग हिशोब चुकला का? मी बरीच वर्षं हँडसेटच्या अँटेनावरच काम करतोय, आधी नोएडाला आणि आता पुण्यात, आणि हा प्रश्न मला फार आवडला कारण मीही एकेकाळी अगदी इथेच अडकलो होतो.

हिशोब बरोबर आहे तुमचा. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की वेव्हलेंग्थ (लहरीची लांबी) मीटरमध्ये मिळते, ९०० ला ३३ सेंटीमीटर, त्याचा चौथा हिस्सा ८.३. १८०० ला ४.२. आता ही ८.३ सेंटीमीटरची तार बोर्डावर सरळ उभी करा, म्हणजे झाला तुमच्या पुस्तकातला मोनोपोल, जुन्या फोनच्या डोक्यावरची काडी ती हीच (काहींमध्ये ती स्प्रिंगसारखी गुंडाळून रबरात घातलेली असायची). तीच तार मुळाशी वाकवून बोर्डाला समांतर आडवी केली की उंची वाचते, पण आडवी तार आणि खालचं ग्राउंड (बोर्डावरचा तांब्याचा थर) यांच्यात कपॅसिटन्स तयार होतो, रेझिस्टन्स अगदी खाली येतो आणि ५० ओहमला (फोनचं सर्किट ज्या आकड्यावर बेतलेलं असतं) काही केल्या मॅच होत नाही. म्हणून तिचं एक टोक ग्राउंडला शॉर्ट करायचं आणि फीड (सिग्नल जोडायची जागा) त्या शॉर्टच्या शेजारी, थोडं अंतर सोडून द्यायचा. बाजूने बघितलं तर आडवा पडलेला इंग्रजी एफ दिसतो. फीड आणि शॉर्ट यांच्यातलं अंतर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे केलं की मॅचिंग बदलतं, आमचं सुरुवातीचं निम्मं काम हेच असतं. तारेच्या जागी रुंद पट्टी घेतली की झाला पीफा (प्लेनर इन्व्हर्टेड एफ अँटेना), आणि पट्टीत एक खाच कापली की करंटला वळसा घालून जावं लागतं, म्हणजे लांबी तेवढीच राहते पण जागा कमी लागते, शिवाय खाचेमुळे पट्टीचे दोन हात होतात, लांब हात ९०० ला आणि आखूड हात १८०० ला चालतो. १९९९ च्या नोकिया ३२१० मध्ये अँटेना असाच आत गेला आणि मग आपल्याकडे घराघरात पोचलेला ३३१० आला, त्यातही तो आतच, वरच्या बाजूला मागच्या कव्हरखाली. जुना पडलेला असेल तर उघडून बघाच.

पण इथपर्यंतचं तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला जे सांगायचंय ते वेगळं आहे, आणि ते मला कॉलेजात कोणी नीट सांगितलं नव्हतं. फोनमध्ये अँटेना म्हणजे ती पट्टी नाहीच, अँटेना म्हणजे अख्खा फोन. पट्टीत जेवढा करंट जातो तेवढाच परत यायला बोर्डाच्या ग्राउंडवर वाहतो, आणि बोर्ड दहा-अकरा सेंटीमीटर लांब, म्हणजे ९०० ला तो स्वतःच एक चांगला लांब डायपोलसारखा (दोन हातांच्या साध्या अँटेनासारखा) रेडिएट करतो, म्हणजे लहरी सोडतो. त्या फ्रिक्वेन्सीला हवेत जाणाऱ्या पॉवरमधला मोठा भाग बोर्डाचा असतो, पट्टी फक्त त्याला हलवते, जसं झोपाळ्याला हात लावून झोका द्यावा तसं. म्हणून तर पट्टी बोर्डाच्या टोकाला ठेवतात, मध्ये नाही, कारण टोकाला इलेक्ट्रिक फील्ड जास्त असतं आणि झोका तिथूनच नीट बसतो. हे एकदा डोक्यात शिरलं की बाकीची कोडी आपोआप सुटायला लागतात. तोच अँटेना आखूड बोर्डावर लावला की ९०० ची बँडविड्थ (अँटेना नीट चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) का गळपटते, फ्लिप फोन उघडा असताना वेगळा आणि मिटल्यावर वेगळा का वागतो, हे सगळं यातूनच येतं.

याचाच एक त्रास तुम्हाला प्रोजेक्टमध्ये नक्की होणार म्हणून आधीच सांगतो. छोट्या बोर्डाला कोॲक्स केबल (आत तार, बाहेर धातूचं आवरण) सोल्डर करून ती अँटेना मोजायच्या यंत्राला, म्हणजे नेटवर्क अ‍ॅनालायझरला लावली की केबलचं बाहेरचं आवरण बोर्डाच्या ग्राउंडला जोडलं जातं, मग करंट त्यावरही वाहतो आणि तुम्ही अँटेना अधिक दीड मीटर केबल असं काहीतरी मोजत बसता. ओळखायचं कसं, तर केबलवरून हात फिरवा, ग्राफ हलला की समजायचं केबल रेडिएट करतेय. उपाय म्हणजे केबलवर बोर्डाच्या अगदी जवळ फेराइटचे मणी ओवायचे आणि केबल बोर्डाच्या टोकातून न काढता लांब कडेच्या मधोमध बाहेर काढायची.

लहान अँटेना का जमत नाही याला निसर्गाचीच मर्यादा आहे, १९४७ मध्ये व्हीलर आणि १९४८ मध्ये चू या संशोधकांनी ती मांडली. ढोबळ सांगायचं तर अँटेना वेव्हलेंग्थपेक्षा खूप लहान झाला की बँडविड्थ आकाराच्या घनाने घटते, आकार निम्मा केलात तर मिळू शकणारी बँडविड्थ आठव्या हिश्श्यावर. आणि आपल्याला ८९० ते ९६० असा अख्खा पट्टा हवा असतो. म्हणून डिस्प्लेवाले आणि बॅटरीवाले जागा मागतात तेव्हा अँटेनावाला एकेका मिलिमीटरसाठी भांडतो, हट्ट म्हणून नाही, गेलेली जागा कुठल्याच मॅचिंग सर्किटने परत मिळत नाही म्हणून.

अजून एक गोष्ट, एस-वन-वनचा (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचा) ग्राफ खाली गेला की विद्यार्थी खूश होतात. हँडसेटमध्ये आम्ही उणे ६ डीबी चालवून घेतो, म्हणजे चौथा हिस्सा पॉवर परत येते आणि तरी ठीक म्हणतो. पण परत आली नाही म्हणजे हवेत गेली असं नाही हो! ५० ओहमचा साधा रेझिस्टर लावा, ग्राफ सुंदर खाली जाईल आणि रेडिएशन शून्य. एफिशियन्सी (दिलेल्यातली किती पॉवर खरंच हवेत गेली) चेंबरमध्येच, म्हणजे लहरी परत उसळू न देणाऱ्या बंद खोलीतच कळते, आणि तीही फोन नुसता हवेत धरून नाही, तर प्लास्टिकच्या खोट्या डोक्याशेजारी आणि खोट्या हातात धरून, कारण हात-डोकं पॉवर शोषतं आणि रेझोनन्सही (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात नीट चालतो ती) खाली ओढतं. ३ डीबी गेले म्हणजे निम्मी पॉवर गेली. २०१० चा आयफोन ४ आठवत असेल, त्याची स्टीलची कडाच अँटेना होती, आणि डाव्या कोपऱ्यातल्या फटीवर तळवा टेकला की रेंज पडायची, शेवटी ॲपलने लोकांना फुकट कव्हर दिली. डोक्याचा दुसरा हिशोब सारचा (फोनमुळे शरीर किती ऊर्जा शोषतं त्याचा आकडा), आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून १ ग्रॅम टिश्यूवर किलोला १.६ वॅट ही मर्यादा आहे (*#०७# दाबून तुमच्या फोनचा आकडा बघा). मुख्य अँटेना वरून खाली, माइकच्या बाजूला सरकला त्याचं एक मोठं कारण हेच, खाली तो डोक्यापासून लांब राहतो.

माझ्या आयुष्यातला एक प्रसंग सांगतो. एका हँडसेटचं सॅम्पल चेंबरमध्ये छान पास झालं, आणि पुढच्या लॉटमध्ये लो बँड (खालच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा) एकदम खाली घसरला. मी चार दिवस मॅचिंगचे कॉइल आणि कपॅसिटर बदलत बसलो, स्प्रिंग कॉन्टॅक्ट बदलले, स्क्रू घट्ट केले, काही फरक नाही. शेवटी सहज जुन्या लॉटचं मागचं कव्हर नव्यावर बसवलं आणि ग्राफ जागेवर आला. मधल्या काळात कव्हरचा रंग बदलला होता, चमकदार चंदेरी, आणि त्या रंगात धातूची पूड होती. कोणीतरी दिसायला छान म्हणून रंग बदलला आणि आम्हाला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक प्रोजेक्टला रंगाचं सॅम्पल पहिल्या दिवशी मागून घेतो, आणि कव्हर, बॅटरी, स्पीकर, कॅमेऱ्याची फ्लेक्स यातलं काहीही हललं तरी पुन्हा मोजतो, कारण अख्खा फोनच अँटेना आहे.

आजच्या फोनमध्ये हे सगळं अजून कठीण झालंय. आपल्याकडे ७०० पासून ३३०० च्या वरपर्यंत बँड आहेत, ७०० चा क्वार्टर वेव्ह तर १०.७ सेंटीमीटर, त्यात वायफाय, जीपीएस वेगळे. म्हणून धातूच्या कडेचेच तुकडे करून, मध्ये प्लास्टिकच्या बारीक फटी ठेवून, त्या तुकड्यांचे अँटेना करतात, नाहीतर प्लास्टिकवर लेझरने नक्षी कोरून त्यावर तांबं चढवतात. आणि एकाच तुकड्याला सगळे बँड एकदम जमत नाहीत म्हणून ट्यूनर स्विच लावतात, फोन ज्या बँडवर असेल त्याप्रमाणे लांबी बदलल्यासारखी करतो.

वाचायला सुरुवात करायची असेल तर आयआयटी बॉम्बेचे प्रा. गिरीश कुमार यांचा एनपीटीईएलवरचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा) अँटेनाचा कोर्स आधी बघा, फुकट आहे. पण त्यासोबत हाताने करा. साधारण ११ बाय ४ सेंटीमीटरचा कॉपरचा बोर्ड घ्या, टोकाला ७-८ मिलिमीटर उंच थर्माकोल किंवा फोम चिकटवा, त्यावर कॉपर टेपची पट्टी, कडेला शॉर्ट, शेजारी फीड. मोजायला नॅनो व्हीएनए (वर सांगितलेल्या मोजणीच्या यंत्राचा खिशात मावणारा प्रकार) पुरतो, काही हजारांत येतो, चार मित्र मिळून घ्या. ग्राफमधला खड्डा ९०० ला आणा, कटरने एकेक मिलिमीटर टेप कापत बघा रेझोनन्स किती वर सरकतो. मग बोर्डाचं दुसरं टोक, जिथे अँटेना नाहीच, ते मुठीत धरा आणि स्क्रीनकडे बघा. ग्राफ हलेल. किती हलला तो आकडा लिहून ठेवा आणि जमलं तर इथे कमेंटमध्ये टाका, पुढचं त्यावरून सांगतो.