गेमच्या कॅसेटी जरूर घ्या, पण आधी ती पॉलिसी पाहा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे 36 वर्षांचे एक वाचक सांगलीहून लिहितात : "जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह सुरू करायचा आहे. बचतीचे सगळे 60 हजार आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर 90 हजार, अशी दीड लाखाची खरेदी करू का? पाच वर्षांत दुप्पट झाले तर मुलीच्या शिक्षणाला येतील. पगार 55 हजार आहे, गृहकर्ज 18 लाख बाकी आहे. घरच्यांची मात्र चिंता नाही; बँकेने दिलेल्या पॉलिसीत वर्षाला एक लाख भरतो, तीन हप्ते झाले. विमा 11 लाखांचा असून पंधरा वर्षांनी साडेबावीस लाख मिळतील."

गुंतवणूक म्हणून हा संग्रह करू नये. 2021 साली 'सुपर मारिओ 64'ची एक प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली हे खरे, परंतु ती कधीही न उघडलेली, सीलबंद प्रत होती. आपल्याकडे घरोघरी होत्या त्या फॅमिकॉमच्या (जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे टीव्हीला जोडायचे गेमयंत्र) नकला आणि खोक्याविना फिरणाऱ्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी. त्यांचे मोल आठवणींचे आहे. त्यातच कार्डावर 15 टक्क्यांनी दोन वर्षांत सुमारे 15 हजार व्याज जाईल आणि अडीअडचणीसाठी एक रुपयाही उरणार नाही.

खरी चूक आपण न विचारलेल्या वाक्यात आहे. उद्या आपले काही बरेवाईट झाले, तर ते 11 लाख गृहकर्जातच संपतील, वर सात लाखांचे कर्ज उरेल आणि पत्नी व मुलीच्या हाती काहीच राहणार नाही. ज्यांनी ही पॉलिसी 'सुरक्षा आणि बचत' म्हणून गळ्यात मारली, त्यांनी आपले कर्ज किती आहे हेही विचारले नसावे, याचा मला मनापासून राग येतो. बचत म्हणूनही ती दुबळीच आहे : पंधरा लाख भरून साडेबावीस लाख म्हणजे परतावा जेमतेम पाच टक्के. हाच वार्षिक लाख पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्के दराने सुमारे 27 लाख होतो.

भरलेल्या तीन लाखांचा मोह सोडावा; प्रश्न पुढच्या बारा लाखांचा आहे. पॉलिसी मोडल्यास आज किती मिळेल आणि पेड-अप ठेवल्यास, म्हणजे हप्ते थांबवून ती तशीच चालू ठेवल्यास, मुदतीअखेर किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवावेत आणि खाली सांगितलेला नवा विमा हाती आल्यावर पुढचा हप्ता भरू नये. सुटलेल्या लाखातून एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला, केवळ मृत्यू झाल्यास घरच्यांना रक्कम देणारा विमा, घ्यावा. निर्व्यसनी माणसाला तो वर्षाला साधारण 15 ते 18 हजारांत मिळतो. सुमारे 55 हजार आकस्मिक निधीत टाकावेत; 60 हजारांच्या बचतीलाही हात लावू नये. उरलेले महिना दोन-अडीच हजार निर्धास्तपणे गेमवर खर्च करावेत, त्यातून परतावा मागू नये.

खरेदी करताना एवढे पाहावे : 1983 चा जपानी फॅमिकॉम घेतल्यास त्याचा मूळ अडॅप्टर 100 व्होल्टचा असतो, आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटात थेट लावला तर जळतो. गेम जतन करणाऱ्या अनेक कॅसेटींत नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की जतन केलेला खेळ पुसला जातो, म्हणून ती बदलली आहे का हे विक्रेत्याला विचारावे.

टर्म इन्शुरन्सचा अर्ज याच आठवड्यात करावा, आजार किंवा तंबाखू काहीही लपवू नये, आणि नवी पॉलिसी मंजूर होऊन तिचा कागद हाती येईपर्यंत जुनी बंद करू नये.