जर-तरची इंग्रजी वाक्यं: तक्ता पाठ आहे तरी बोलताना का चुकतं

ऐरोलीच्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे म्हणालात, क्लासमध्ये जर-तरच्या वाक्यांच्या प्रकारांचा झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असा तक्ता दिलाय, तो पाठही झालाय, पण तोंड उघडलं की 'इफ आय विल गेट द जॉब' नाहीतर 'इफ आय वुड हॅव नोन' हेच बाहेर पडतं, तर नेमकं काय पाठ करू? माझं म्हणणं, आता काही पाठ करू नका. तक्ता बरोबरच आहे हो, पण समोर एचआर बसलेली असताना कोण नंबर आठवून वाक्य जुळवतंय. आपण मराठीत विचार करतो आणि चूक तिथूनच शिरते, त्यामुळे आधी मराठी वाक्याकडे नीट बघायचं.

'मला माहीत असतं तर मी आलो असतो' घ्या. दोन्ही बाजूला असतं-असतो, कानाला जोडी लागते, म्हणून इंग्रजीतही आपण दोन्हीकडे वुड हॅव ठोकून देतो. इंग्रजीत ते फक्त 'तर'वाल्या बाजूला येतं, 'जर'च्या बाजूला हॅड. 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.' आता कोणीतरी येऊन सांगेलच की अमेरिकन लोक बोलताना इफ आय वुड हॅव म्हणतात. म्हणतात काही जण, पण लिहिताना तिकडेही ते चूकच धरतात, आपण इंटरव्ह्यूत कशाला रिस्क घ्या. शिवाय सिरीज बघून शिकणाऱ्यांचा एक घोळ होतो, 'इफ आयड नोन, आयड हॅव कम' यातलं पहिलं आयड म्हणजे आय हॅड आणि दुसरं आय वुड, ऐकायला दोन्ही सेम.

खरी गंमत पुढे आहे. 'माझ्याकडे गाडी असती तर मी घोडबंदरला राहिलो असतो' हे वाक्य आजबद्दल आहे की दहा वर्षांपूर्वीबद्दल? मराठीत दोन्ही चालतं, संदर्भावरून कळतं. इंग्रजीत मात्र ठरवावंच लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की वाक्यात मनातल्या मनात 'आत्ता' किंवा 'तेव्हा' घालून बघा. आत्ता गाडी असती तर: 'इफ आय हॅड अ कार, आय वुड लिव्ह ऑन घोडबंदर रोड.' तेव्हा गाडी असती तर: 'इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव बॉट अ फ्लॅट देअर.' हॅड हॅड बघून दचकू नका, पहिलं सहायक आणि दुसरं मुख्य क्रियापद, बरोबर आहे ते.

आणि ही आत्ता-तेव्हाची टेस्ट दोन्ही भागांना वेगवेगळी लावायची, मग क्लासवाले ज्याला मिक्स्ड म्हणून शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकतात ते आपोआप सुटतं. सिडको 1970 साली स्थापन झाली. ती झाली नसती (तेव्हा) तर नवी मुंबई आज अशी नसती (आत्ता). 'इफ सिडको हॅड नॉट बीन सेट अप इन 1970, नवी मुंबई वुड नॉट लुक लाइक धिस टुडे.' इथे वुड नॉट हॅव लुक्ड लावलंत तर 'आज'शी जुळत नाही.

आता तुमचं पहिलं वाक्य, 'इफ आय विल गेट द जॉब'. जी गोष्ट खरंच घडू शकते तिथे इफच्या बाजूला साधा वर्तमानकाळ, विल दुसरीकडे. 'पाऊस पडला तर लोकल लेट होईल': 'इफ इट रेन्स, द लोकल विल बी लेट.' इथे मराठीत 'पडला' हे भूतकाळाचं रूप आहे, म्हणून काही जण 'इफ इट रेन्ड' करतात आणि पुढे विल लावतात, तेही नको. इफनंतर विल कधीच येत नाही असं मात्र नाही, समोरच्याला नम्रपणे विनंती करताना येतं, 'इफ यू विल वेट अ मिनिट', पण सध्या ते सोडा. झीरोबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं नाही, नेहमीच घडणारी गोष्ट असेल तर दोन्हीकडे वर्तमानकाळ, संपलं.

बारीकसारीक: 'इफ सपोज' म्हणू नका, दोघांतला एकच पुरे. अनलेसमध्ये 'नाही' आधीच आहे, त्यामुळे 'अनलेस यू डोन्ट कम' म्हटलं की अर्थच उलटा होतो. आणि 'इफ आय वेअर यू' लाच चिकटून राहा, वॉझ बोलण्यात चालतं पण या वाक्यात वेअरच कानाला बरं लागतं.

इंटरव्ह्यूत बहुतेक प्रश्न 'व्हॉट वुड यू डू इफ' असेच येतात, क्लायंट चिडला तर काय कराल वगैरे. त्यांनी वुड वापरलं की तुम्हीही 'आय वुड' नेच सुरुवात करा, इफचा भाग परत म्हणायची गरजच नाही, अर्धी भीती तिथेच जाते. फक्त जॉइनिंगबद्दल विचारलं तर तिथे वुड टाळा. 'इफ आय वेअर सिलेक्टेड, आय वुड जॉइन' व्याकरणात बसतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की याला स्वतःलाच नोकरी मिळेलसं वाटत नाहीये. सरळ म्हणा, 'इफ आय ॲम सिलेक्टेड, आय कॅन जॉइन आफ्टर माय नोटीस पिरियड.' तुमची अजून चार-पाच वाक्यं इथे टाका, आत्ता-तेव्हा लावून टाका म्हणजे कुठे अडतंय ते बघता येईल.