मलम किती दिवस लावायचं ते नंतर, आधी कुणी तपासलंय का?

तुमचं वय 43, संडासला बसल्यावर भांड्यात लालभडक रक्त, दुखत काहीच नाही, मेडिकलवाल्याने दिलेलं मूळव्याधीचं मलम चालू आहे आणि प्रश्न एवढाच की हे अजून किती दिवस लावून बघू. माझीही गोष्ट अशीच सुरू झाली होती, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, फक्त भोगलेला माणूस आहे.

पाणी प्या, पालेभाज्या खा, मोबाईल घेऊन आत बसू नका हे सगळं इतर सदस्य सांगतीलच. माझा मुद्दा वेगळा आहे. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये कुणी तपासल्याचा उल्लेख नाही. ‘मूळव्याध’ हे नाव तुम्हाला दिलं कुणी?

मला ते एका ‘बिना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज’ अशी पाटी लावलेल्या दवाखान्याने दिलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने मला टेबलावर झोपवलंसुद्धा नाही. खुर्चीत बसवून दोन प्रश्न विचारले, कागदात बांधलेल्या पुड्या दिल्या आणि म्हणाला, “मोड आहेत, गळून पडतील.” केसपेपर नाही, बिल नाही, औषधाचं नाव नाही. पुढे कित्येक महिने तेच. मध्येच रक्त थांबायचं तेव्हा श्रेय पुड्यांचं, पुन्हा सुरू झालं की दोष माझ्या तिखट खाण्याचा. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा बायकोने ओढून सिव्हिलला नेलं. हिमोग्लोबिन 7 च्या आसपास, म्हणजे बरंच कमी. तिथल्या सर्जनबाईंनी पहिलं विचारलं, “आधी काय औषध चालू होतं?” सांगणार काय? पुडी!

त्यांनी बोटाने तपासलं, मग प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून आत पाहिलं. अवघडल्यासारखं होतं, पण काही मिनिटांत संपतं. मूळव्याध होतीच. पण वय आणि हिमोग्लोबिन बघून त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत, कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या लांब नळीने अख्खं मोठं आतडं बघणं) करायला लावली. मोठ्या आतड्यात वर एक पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, सापडला, तो तिथेच काढला. असे काही पॉलिप राहू दिले तर पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतात. म्हणजे पुडीवाला म्हणत होता ते अर्धं खरं होतं, आणि तेच जास्त वाईट. मूळव्याध आहे म्हणून रक्त तिथूनच येतंय असं होत नाही.

आता लक्षणांचं, मला समजलं तेवढं. आतल्या मूळव्याधीत रक्त लाल, थेंब थेंब किंवा पिचकारीसारखं, आणि दुखत नाही, कारण तिथल्या अस्तराला वेदना कळत नाहीत. म्हणून “दुखत नाही म्हणजे साधंच असेल” हा हिशोब चुकीचा. शौचाला काचेने कापल्यासारखं होऊन नंतर तासन्‌तास आग होत असेल तर बहुतेक फिशर, म्हणजे शौचाच्या जागी पडलेली चीर. शौचाच्या जागेजवळ वारंवार गळू होऊन पू येत असेल तर भगंदराची (आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेल्या बोगद्यासारख्या वाटेची) शंका. अचानक निळसर कडक गाठ येऊन बसणंही अशक्य झालं तर आत रक्त गोठलेलं असू शकतं. तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्जन गाठा, छोटी चीर देऊन लगेच आराम पडू शकतो.

रक्त थांबत नाही, रक्ताच्या गाठी पडतायत, चक्कर येते, किंवा तिथे सूज आणि सोबत ताप आहे, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तरी तसंच, ते रक्त बहुधा वरून, जठराकडून येतं. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते आणि बीटाने लाल, तेवढं आठवून बघा.) रक्त शौचात मिसळलेलं, सोबत आव, काही आठवडे शौचाची सवय बदललेली, वजन उतरतंय किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला, यातलं काहीही असेल तर मलमाचा विषय बंद करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

मलमाचं उत्तर: ट्यूबवर स्टेरॉइड लिहिलंय का बघा. असेल तर डॉक्टरांना न विचारता आठवड्याहून जास्त लावू नका, कातडी पातळ होते. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसल्याने बरं वाटतं. सुरण आणि ताक मीही आवडीने घेतो, पण त्याने निदान होत नाही.

आयुर्वेदाला नावं ठेवतोय असं समजू नका. भगंदरावर क्षारसूत्र (औषध लावलेला दोरा त्या वाटेत घालणं) करणारे शल्यतंत्राचे, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेचे, पदवीधर वैद्य आहेत, तेही आधी तपासतात. माझा राग न तपासणाऱ्यांवर आहे. आणि ऑपरेशनच्या भीतीने थांबला असाल तर सगळ्यांनाच ते लागत नाही. माझं मोडाच्या मुळाशी रबर बँड लावून भागलं, ओपीडीतच. विमा असेल तर पॉलिसी मात्र आधी वाचा, मूळव्याधीला बऱ्याच पॉलिसींमध्ये दोन वर्षांची प्रतीक्षा असते.

तुम्ही लिहिलंय, “भावाचं लग्न उरकलं की बघतो.” लग्नाच्या धावपळीत अंगात रक्त असलेलं बरं. याच आठवड्यात सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं) करून रिपोर्ट घेऊन जनरल सर्जनकडे जा, आणि त्यांनी न तपासताच चिठ्ठी लिहायला घेतली तर दुसरा सर्जन शोधा.