‘आता नाटकात जायचं तेवढं राहिलं!’

सांगलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ४४, पतसंस्थेत हिशेबाचं काम. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत जुने खण निघाले आणि आजीचा एक फोटो: फुग्यांच्या बाह्यांचं पोलकं, मानेवर सैल अंबाडा, गळ्यात ठुशी. त्या फोटोवरून यांनी तसंच पोलकं शिवलं. मग जुनी भावगीतं गाऊ लागल्या आणि पुढे स्वतःच चार-चार ओळी रचून त्यांना चाली लावू लागल्या. घरात कोणी नसलं की पोलकं घालून, अंबाडा बांधून, मोबाइल उभा करून गातात आणि व्हिडिओ टाकतात. हनुवटीच्या वरचं काही दिसू देत नाहीत आणि नावही देत नाहीत. यंदा गौरीच्या जेवणाला नणंदेनं बांगड्यांवरून ओळखलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘वहिनी, या वयात हे काय चाललंय? आता नाटकात जायचं तेवढं राहिलं!’’ सासूबाई गप्प राहिल्या. नवरा म्हणाला, ‘‘कर तुला हवं ते, फक्त घरात वाद नको.’’ कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, ‘‘आई, व्हिडिओत तू कुणीतरी वेगळीच वाटतेस,’’ आणि ते कौतुक होतं की तक्रार, हे यांना अजून उमगलेलं नाही.

पत्राच्या शेवटी लिहितात, ‘‘ताई, नटून आरशात बघितलं की मला बरं वाटतं. आणि बरं वाटलं की लगेच लाज वाटते. मी सावळी, अंगानं भरलेली. हे सगळं सोडून द्यावं का?’’

प्रिय मैत्रिणी,

सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही धाकधूक न करता वाचाल.

तुमच्या वन्सं जे बोलल्या ते तुमच्या जिव्हारी लागलं, कारण ‘नाटकात जाणं’ हे आपल्याकडे कित्येक वर्षं बाईला टोचण्यासाठी वापरलं गेलं. पण आजीचा तो फोटो पुन्हा एकदा हातात घ्या. तो अंबाडा, ती पदराची ठेवण, गजरा माळण्याची ती तऱ्हा घरंदाज बायकांकडे कुठून आली? पुष्कळशी रंगभूमीवरूनच आली. बालगंधर्व स्त्रीवेषात रंगमंचावर यायचे, तेव्हा प्रेक्षकांतल्या बायका त्यांचं नेसणं आणि त्यांचे दागिने डोळ्यांत साठवून घरी जायच्या आणि सणासुदीला तसंच नेसायच्या. एका पुरुष नटाला पाहून अख्ख्या महाराष्ट्रातल्या लेकी-सुना नटायला शिकल्या. आज ज्याला आपण खानदानी साज म्हणून मिरवतो, त्यात नाटकाचा वाटा मोठा आहे. म्हणून तुम्ही आजीसारखं नटता ते ‘नाटकी’ असेल, तर आजीचं नटणंही तसंच होतं, आणि त्यात कमीपणाचं काही नाही.

आणि बायका खरोखरच नाटकात गेल्या तेव्हा काय झालं? १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या हे तेव्हा अंगवळणी पडलेलं नव्हतं. गोव्यातून आलेली ही मुलगी रंगमंचावरही गायली आणि भावगीतातही तिनं आपली जागा केली. तुम्ही गाता त्या जुन्या गाण्यांचा सगळा डौल अशाच बायकांनी घडवला, आणि त्यांतल्या बहुतेकींनी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून तुमच्या वन्संचंच वाक्य ऐकलं असणार.

आता तुमच्या पोलक्याविषयी बोलू, कारण पत्रात त्याविषयी तुम्ही ‘वेळ जातो म्हणून काहीबाही शिवते’ असं लिहिलंत आणि मला ते मुळीच पटलं नाही. सोबतचे फोटो मी मोठे करून पाहिले. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान. फुग्याच्या बाहीचा माथा रुंद कापावा लागतो, नाहीतर चुण्यांना कापड पुरत नाही. दुसऱ्या कुणी तिथे साधी बाही करून विषय संपवला असता. तुम्ही जोड काखेकडे नेलात, हात खाली असताना तो कुणाला दिसायचाही नाही, आणि खणाचा काठ दंडावर सलग, न तोडता आणलात. चुण्या मुंढ्याच्या (बाही जिथे जोडतात त्या गोलाईच्या) पुढच्या बाजूला विरळ आहेत आणि खांद्याच्या वर दाट, म्हणून फुगा वर उठतो, बाजूला पसरत नाही. आतून ऑर्गंडीच्या कडक कापडाची पट्टी लावलीत, त्यामुळे धुतल्यावरही तो बसणार नाही. आईचं जुनं कापड, त्यात नवीन दुसरं मिळायची सोय नाही, म्हणजे कात्री एकदाच चालवायची. हे सगळं एका फोटोवरून, बाहीची आतली बाजू कधी न पाहता, तुम्ही डोक्यानं काढलंत. याला मी कला म्हणते, आणि तुम्हीही म्हणा. ‘काहीबाही’ हा शब्द पुढच्या पत्रात नको.

तसंच तुमच्या गाण्याचं. तुम्ही पाठवलेल्या दोन ओळी इथे देते, तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे:

दिवेलागण झाली, कुकर निवला गं,
माझा मला आवाज आता ऐकू आला गं.

चाल जुन्या वळणाची, ठेका भावगीताचा, आणि आत चक्क कुकर! जुन्या गाण्यांत सांजवेळ असते, दिवा असतो, वाट पाहणारी बाई असते. तुमच्या गाण्यातली बाई कुणाची वाट पाहत नाही. स्वयंपाक उरकून ती स्वतःला ऐकते. ही नक्कल नाही, जुन्या सुरात तुम्ही आजचं बोलताय. आपल्याकडे बायकांनी जात्यावर हेच केलं. चाल पिढीजात, शब्द ज्याचे त्याचे. बहिणाबाई चौधरींची गाणी आपल्याला मिळाली ती त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली म्हणून. १९५१ साली त्या गेल्या आणि पुस्तक निघालं ते त्यानंतर, १९५२ मध्ये. अशा किती जणींच्या ओव्या पिठाबरोबर उडून गेल्या असतील! तुम्हाला लिहिता येतं, हाताशी मोबाइल आहे. प्रत्येक रचना वहीत तारखेसह उतरवून ठेवा. कुणी टिपून ठेवेल याची वाट बघू नका.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. जुन्या काळाचा साज घेताना त्या काळाची सगळीच ओझी उचलायची गरज नाही. त्या सुंदर फोटोंमधल्या कितीतरी जणींना घरात मोठ्यानं गाण्याचीही चोरी होती. आणि ज्या गायल्या त्या काही खाली मान घालून गायल्या नाहीत. गायिका-अभिनेत्री शांता आपटे पाहा. १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात म्हाताऱ्या नवऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायला ठाम नकार देणारी मुलगी त्यांनी उभी केली. दोन वर्षांनी खुद्द त्यांचाच स्टुडिओशी करारावरून वाद झाला, तेव्हा त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. १९४० मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, नाव ‘जाऊ मी सिनेमात?’. वन्संनी तुम्हाला टोमणा म्हणून जे ऐकवलं, जवळपास तेच शांताबाईंनी पुस्तकाच्या नावात घातलं आणि त्या धंद्यात बाईच्या वाट्याला काय येतं ते मांडलं. फुग्याच्या बाह्यांबरोबर हा ताठ कणाही त्याच काळातला आहे. तो घ्या.

आता आरसा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त दुखलं ते तिथे. बरं वाटलं की लगेच लाज वाटते, असं लिहिलंत. लाज वाटायला तुम्ही कुणाचं काही घेतलेलं नाही. लहानपणापासून आपल्याला आरशात बघायला शिकवलं जातं ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी: बघायला आलेल्यांच्या, सासरच्यांच्या, शेजारच्या काकूंच्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघताय. सवय नाही, म्हणून बिचकायला होतं. ते जाईल.

सावळेपण आणि भरलेलं अंग यांच्यासाठी मी तुम्हाला ‘तरीही तुम्ही सुंदर आहात’ असं म्हणणार नाही, त्यातला ‘तरीही’ मला आवडत नाही. मी एवढंच सांगेन की खणाचा तो गर्द जांभळा आणि लाल काठ सावळ्या दंडावर जसा उठून आलाय, तसा तो फिकट कातडीवर आला नसता. हा डोळ्यांना दिसणारा रंगाचा हिशेब आहे, समजूत नाही. आणि आजीचं पोलकं तिच्या अंगाचं माप घेऊन बेतलेलं होतं. अंगाला कपडा बसवायचा, कपड्यात अंग कोंबायचं नाही, ही त्या जुन्या शिवणकामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. तुम्हीही स्वतःचं माप तसंच घेतलंत, काही लपवलं नाहीत, म्हणून मुंढा इतका नीट बसलाय. आरशासमोरही तेवढ्याच मायेनं उभ्या राहा.

व्हिडिओखाली किती जणांनी अंगठे दाखवले यावर ही माया टांगून मात्र ठेवू नका. एखाद्या आठवड्यात दहाच जणी बघतील. गाणं तेच असेल, पोलकंही तेच असेल.

चेहरा दाखवायचा की नाही, हे सर्वस्वी तुमचं. तो दाखवला तरच धीट, असं काही नाही. सुलोचना चव्हाण आयुष्यभर डोक्यावर पदर घेऊन लावणी गायल्या. तो पदर त्यांचा निर्णय होता, आणि आवाजातली ठसठशीत अदा एका कणानंही कमी झाली नाही. तेव्हा हनुवटीपर्यंतच दिसायचं असेल तर खुशाल तसं ठेवा. फक्त कारण स्वतःला नीट विचारा. चौकट तुम्हाला तशीच आवडते म्हणून असेल तर उत्तम. भीतीमुळे असेल, तर ती वन्संनी आधीच फोडून टाकली आहे. आता कुणापासून लपायचं?

नावाबद्दल मात्र मी आग्रह धरणार आहे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गौहर जान या गायिकेनं ग्रामोफोनसाठी गाणी दिली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. अख्खा राग त्यात बसवायचा, आणि शेवटच्या क्षणांत ती मोठ्यानं म्हणायची, ‘‘माय नेम इज गौहर जान!’’ तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना हा आवाज कुणाचा ते कळावं, अशी त्यात सोय होती. पण आज सव्वाशे वर्षांनी ऐकताना सोय आठवत नाही, तो खणखणीत उच्चार लक्षात राहतो. गाणं संपलं, आता ऐका, हे कुणी गायलं ते. तुमच्या एकाही व्हिडिओत हे नाही.

घरच्यांचं बघू. वन्संशी चारचौघांत वाद घालू नका, एकटं गाठा. ‘‘वन्सं, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते मला लागलं. मी गाणं थांबवणार नाही. तुम्हाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, पंगतीत नको.’’ एवढंच, आणि मग विषय बदला. खुलासे देत बसलात तर परवानगी मागितल्यासारखं होईल.

यजमानांचं ‘वाद नको’ मला जरा खटकतं. वाद तुम्ही केलेला नाही, तो तुमच्यावर आला. त्यांना सांगा, की तुम्ही माझ्यासाठी भांडावं असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी कुणी बोललं तर ‘ती छान गाते’ एवढे तीन शब्द म्हणा. खरंच छान गाता असं त्यांना वाटतं का, हेही त्या निमित्तानं कळेल.

सासूबाईंच्या गप्प बसण्याचा अर्थ परस्पर लावू नका. आजीचा फोटो त्यांना दाखवा, तुमच्या वेळी पोलकी कोण शिवायचं, असं विचारा. त्या बोलल्या तर एक दालन उघडेल. नाही बोलल्या तरी बिघडलं काहीच नाही.

आणि लेक. ‘वेगळीच वाटतेस’ हे तक्रार की कौतुक, ते मलाही इथून सांगता यायचं नाही. तिलाच विचारा. माझा अंदाज, तिनं तुम्हाला डबा भरणारी, हिशेब लावणारी आई म्हणून पाहिलं होतं. आज तिला एक बाई दिसली आणि तिचं काय करायचं ते तिला सुचलं नाही. तिला मोबाइल धरायला सांगा. या वयाच्या मुलींना प्रकाश कुठून घ्यायचा ते आपल्यापेक्षा बरं कळतं.

शेवटी तुम्ही विचारलेली व्यवहाराची गोष्ट: जुनी गाणी गाऊन टाकली तर हक्कांची काही अडचण येईल का? जुनी गाणी गाऊन टाकताना कवी आणि संगीतकाराचं नाव खाली लिहायचंच. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क ती करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे तबकडी जुनी म्हणून गाणं मोकळं झालं, असं समजू नका. कुणी आक्षेप घेतलाच तर ते गाणं काढून टाका आणि स्वतःचं टाका, तुमच्याकडे ती आहेतच. त्यांच्यावरचा हक्क तुम्ही ती लिहिलीत त्या क्षणापासून तुमचा आहे, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. म्हणून कुकरच्या त्या गाण्याखाली नीट लिहा: शब्द, चाल, गायन आणि पोलक्याची शिलाई. चारही ठिकाणी तुमचं पूर्ण नाव.

तुमची,
ताई