हाय ओलिक करडई: शेजारच्या शिवारातला पराग तुमच्या तेलात

शंका: गेल्या रब्बीत हाय ओलिक (तेलात ओलिक हे मेदाम्ल जास्त असलेली) करडई केली. बांधापलीकडे शेजाऱ्यांची नेहमीची करडई होती. दाणा चांगला भरला, उताराही बरा मिळाला, पण तपासणीत ओलिकचे प्रमाण सांगितल्यापेक्षा कमी निघाले. बियाणे खोटे होते का? आणि घरचे बी यंदा पेरावे का?

उत्तर: बियाण्यावर लगेच ठपका ठेवू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून आधी संशय बांधापलीकडच्या करडईवर जातो.

करडईच्या दाण्यात आधी ओलिक आम्ल तयार होते आणि मग एक विकर (एन्झाइम, म्हणजे असा बदल घडवणारे प्रथिन) त्याचे लिनोलिक हे दुसरे मेदाम्ल करते. नेहमीच्या वाणांत हे काम जोरात चालते, म्हणून त्यांच्या तेलात सुमारे 75 टक्के लिनोलिक असते. हाय ओलिक वाणात त्या विकराचे जनुक निकामी झालेले असते. रूपांतर थांबते, आणि ओलिकच 75 ते 80 टक्क्यांपर्यंत साठते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॉल नोल्स यांनी हा गुण वापरून 1966 मध्ये यूसी-1 हे वाण दिले. आपल्याकडे हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने आयएसएफ-1 सारखी वाणे काढली आहेत.

हा गुण अप्रभावी आहे. दाण्याला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून निकामी जनुक मिळाले तरच ओलिक वाढते. एक जरी चालू जनुक आले, तरी तेल जवळपास नेहमीच्या करडईसारखेच होते.

तेल साठते ते गर्भाच्या दलांत, आणि गर्भ हा आई-बाप दोघांचा. काटे, पाने, बोंडाचा आकार हे सगळे आईचे, त्यामुळे उभ्या पिकात काहीच कळत नाही. पण मधमाशीने शेजारचा पराग आणून टाकला, तर त्या दाण्याचे तेल त्याच हंगामात बदलते. करडई मुख्यतः स्वपरागी असली तरी फुलोऱ्यात माश्यांची गर्दी तुम्ही पाहिलीच असेल. समजा, शंभरात 10 दाणे असे संकरित झाले आणि त्यांत ओलिक 18 टक्के, बाकीच्यांत 78 टक्के धरले, तर सरासरी 72 वर येते. प्रयोगशाळा मिश्र नमुना तपासते, तिला ही सरासरीच दिसणार.

आता घरचे बी. ते 10 दाणे दिसायला इतरांसारखेच आहेत, चाळणीने किंवा निवडून वेगळे काढता येत नाहीत. ते पेरले तर त्यांच्या झाडांवर स्वपरागणानेही चारातला एकच दाणा हाय ओलिक निघेल. त्यात यंदा पुन्हा शेजारचा पराग आला तर घसरण आणखी. म्हणून विक्रीचा करार ओलिकच्या टक्केवारीवर असेल तर घरचे बी पेरू नका. फक्त घाण्यावर तेल काढून घरी खायचे असेल तर पेरायला हरकत नाही. नेहमीच्या करडईचे तेलही काही वाईट नाही, फक्त हाय ओलिक तेल तळणात आणि साठवणीत जास्त टिकते.

बीजोत्पादनात प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून प्रमाणित बी तयार होते) 400 मीटर विलगीकरण अंतर, म्हणजे दुसऱ्या करडईपासूनचे अंतर, ठेवतात. एवढे अंतर आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत एकट्याने साधत नाही. शेजाऱ्यांशी बोलून सलग पट्टा एकाच वाणाचा करणे हाच व्यवहार्य मार्ग. तेही जमले नाही तर निदान बांधालगतच्या ओळींची मळणी वेगळी करा. हार्वेस्टर आधी दुसऱ्याच्या करडईत फिरून आला असेल तर टाकी रिकामी करून घ्या, आणि गेल्या वर्षी करडई असलेल्या रानात आपोआप उगवलेली झाडे फुलोऱ्याआधी उपटा. मालात भेसळ शिरते ती अशाच वाटांनी.

शंका: थंडी किंवा गंधकाच्या मात्रेने ओलिक वाढते का?

उत्तर: गंधकाने तेलाचा उतारा सुधारू शकतो, पण जनुक बदलत नाही. नेहमीच्या वाणांत दाणा भरताना थंडी असेल तर लिनोलिक थोडे वाढते. शुद्ध हाय ओलिक वाणावर हवामानाचा परिणाम फार कमी होतो.

शंका: भुईमुगालाही हेच लागू आहे का?

उत्तर: तत्त्व तेच, पण भुईमुगात दोन जनुके निकामी असावी लागतात. गिरनार-4 आणि गिरनार-5 ही हाय ओलिक वाणे तशी आहेत. भुईमूग जवळजवळ पूर्ण स्वपरागी असल्याने तिथे शेजारच्या परागाची धास्ती नाही. तिथे भेसळीपासून जपायचे ते शेंगा वाळवताना आणि पोती भरताना.