पहिला जुना फिल्म रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा) आणि लेन्स कोणती घ्यावी?
लायका या नामांकित कंपनीच्या नावापायी सगळे पैसे बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) घालवण्यापेक्षा १९५९ मध्ये बाजारात आलेला कॅनन पी विचारात घ्यावा, असे माझे मत आहे. त्याचा शटरचा पडदा धातूचा असल्याने उन्हाने जळून भोके पडण्याची भीती नसते (सुरकुत्या बहुधा असतातच, त्यांना घाबरू नये). मात्र त्यात लाइटमीटर (प्रकाश मोजणारे साधन) नाही. लेन्सचा फोकस अनंतावर (सर्वांत दूरच्या खुणेवर) ठेवून दूरच्या इमारतीकडे पाहिल्यास कॅमेऱ्याच्या खिडकीतल्या दोन्ही प्रतिमा उभ्या-आडव्या तंतोतंत जुळतात का, आणि एक सेकंदाच्या वेगावर शटर अडखळते का, हे खरेदीआधी तपासावे. लेन्स ५० मिमीची घ्यावी. कॅननची एफ १.८ (हा आकडा लेन्सच्या सर्वांत मोठ्या छिद्राचा) तुलनेने स्वस्त असली तरी तिच्या आतल्या काचेवर अनेकदा धूसर थर आढळतो, म्हणून टॉर्च आरपार मारून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.